आखणी त्रिज्येने, मोजणी व्यासाने

वर्तुळाची त्रिज्या व्यासाच्या निम्मी असते आणि व्यास त्रिज्येच्या दुप्पट असतो, हे शाळेची पायरी चढलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. एवढ्या साध्या गोष्टीवर स्वतंत्र लेख लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ठाऊक असलेली गोष्ट वेळेवर आठवतेच असे नाही. वर्तुळाच्या बाबतीत ही विस्मृती किती महाग पडू शकते, हे ज्याने गावातील विहिरीचे मोजमाप पाहिले आहे त्याला वेगळे सांगावयास नको. सरपंच व पंचायत सभासद, मोजमापे तपासणारे अधिकारी आणि वर्गात वर्तुळ शिकविणारे शिक्षक या तिघांनाही उपयोगी पडेल अशा रीतीने हा विषय येथे मांडण्याचा विचार आहे.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक एका गावी विहिरीच्या कामावर गेला असता तेथील मजुरांनी एक तक्रार मांडली. मंजूर अंदाजपत्रकाप्रमाणे विहिरीचा व्यास ६ मीटर होता व खोली १२ मीटर होती. कामाचे माप त्याच हिशेबाने धरले जात होते. मजुरांचे म्हणणे असे की, त्यांनी काढलेली माती व मुरूम कागदावरील मापापेक्षा जास्त आहे. प्रथम कोणी फारसे लक्ष दिले नाही. मात्र सर्वांच्या समक्ष फीत लावली तेव्हा विहिरीचा व्यास ६ मीटर नसून ६ मीटर १० सेंटिमीटर भरला. चूक शोधता शोधता सारे जण पहिल्या दिवशीच्या आखणीपर्यंत मागे गेले. मध्यभागी मनगटाएवढी जाड, सुमारे १० सेंटिमीटर व्यासाची खुंटी ठोकली होती. तीन मीटर दोरी मोजली गेली ती खुंटीच्या कडेपासून, तिच्या मध्यापासून नव्हे. त्यामुळे त्रिज्या ५ सेंटिमीटरने वाढली आणि व्यास १० सेंटिमीटरने वाढला.

दहा सेंटिमीटर म्हणजे वीतभरही नव्हे. परंतु ६ मीटर व्यासाच्या विहिरीचे क्षेत्रफळ २८.२६ चौरस मीटर येते व ६.१० मीटर व्यासाच्या विहिरीचे २९.२१ चौरस मीटर येते. १२ मीटर खोलीपर्यंत हा फरक सुमारे ११.४ घनमीटर होतो. एवढे खोदकाम मजुरांनी केले होते, पण ते कोठेही नोंदले गेले नव्हते. मंजुरी ६ मीटर व्यासाचीच असल्यामुळे हे वाढीव काम कोणाच्या खाती घालावे, हा प्रश्न पुढे बराच काळ रेंगाळला. आखणीच्या दिवशी दोन मिनिटे अधिक खर्च केली असती तर तो उद्भवलाच नसता.

शब्दांचा अर्थ

ठराविक बिंदूपासून सारख्या अंतरावर असणाऱ्या सर्व बिंदूंनी मिळून वर्तुळ होते. तो ठराविक बिंदू म्हणजे केंद्र व ते सारखे अंतर म्हणजे त्रिज्या. वर्तुळाच्या कडेवरील कोणतेही दोन बिंदू जोडणाऱ्या रेषेला जीवा म्हणतात. जी जीवा केंद्रातून जाते ती व्यास होय. एका वर्तुळात अशा असंख्य जीवा काढता येतात, पण त्यांपैकी सर्वांत लांब ती व्यासच असते. केंद्र व्यासाचे दोन समान भाग करते आणि त्यांतील प्रत्येक भाग त्रिज्या असतो. त्रिज्या व व्यास यांचा संबंध एवढाच आहे.

'त्रिज्या' या शब्दाचा इतिहास मात्र मनोरंजक आहे. प्राचीन भारतीय गणितात धनुष्याच्या दोरीवरून जीवा किंवा ज्या ही संज्ञा आली. ज्योतिषात राशिचक्राचे बारा भाग करतात. तीन राशी म्हणजे चक्राचा चौथा हिस्सा, अर्थात ९० अंश. तीन राशींच्या कोनाची ज्या वर्तुळाच्या केंद्रापासून कडेपर्यंतच्या अंतराएवढी येते, म्हणून त्या अंतराला त्रिज्या हे नाव पडले. जुन्या ग्रंथांत याच अंतराला 'व्यासार्ध' असेही म्हटले आहे. व्यवहाराच्या दृष्टीने हा दुसरा शब्द अधिक बोलका आहे, कारण अर्धे करण्याची आठवण त्या शब्दातच आहे.

बैलगाडीच्या चाकावरून त्रिज्या समजावून देण्याची पद्धत शाळांतून रूढ आहे व ती चांगलीही आहे. मात्र तेथे एक खबरदारी घ्यावी. चाकाचा आरा म्हणजे त्रिज्या, असे पुष्कळदा सांगितले जाते. वस्तुतः आरा तुंब्यापासून निघतो व चाकाच्या लाकडी घेरापर्यंत जातो. चाकाची खरी त्रिज्या काढावयाची तर आऱ्याच्या दृश्य लांबीत तुंब्याची निम्मी जाडी, लाकडी घेराची रुंदी व त्यावर चढविलेल्या लोखंडी धावेची जाडी मिळवावी लागेल. जी चूक खुंटीपाशी झाली तीच येथे तुंब्यापाशी होते. मोजणारा मध्यापासून न मोजता मध्यावरच्या वस्तूच्या कडेपासून मोजतो.

आखताना त्रिज्या

नवी विहीर आखावयाची असते तेव्हा हाती मोकळी जमीन असते आणि केंद्र आपण ठरवू तेथे ठोकता येते. म्हणून आखणी त्रिज्येने होते. दोरीचे एक टोक मध्यावर धरावे, दुसऱ्या टोकाने ताण देत फेरी मारावी व मागोमाग फक्की टाकीत जावे, ही पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. या कामी तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट दोरीच्या लांबीची. अंदाजपत्रकात लिहिलेला असतो तो व्यास आणि दोरी घ्यावयाची ती त्याच्या निम्मी. गावात 'वीस फुटी विहीर' असे म्हणतात तेव्हाही व्यासच अभिप्रेत असतो, म्हणून दोरी दहा फूट लागते. येथे आणखी एक सूचना करणे इष्ट वाटते. वीस फूट म्हणजे सहा मीटर असे ढोबळमानाने मानले जाते, परंतु वीस फूट म्हणजे ६.०९६ मीटर होतात. मंजुरी मीटरमध्ये आणि आखणी फुटांत असा मेळ घातला, तर वर सांगितलेल्या विहिरीतील १० सेंटिमीटरची चूक खुंटीविनाही जवळजवळ तेवढीच घडते.

दुसरी गोष्ट खुंटीच्या जाडीची. दोरीचे वेटोळे खुंटीभोवती सैल ठेवून माप खुंटीच्या कडेपासून घेतले, तर त्रिज्या खुंटीच्या निम्म्या जाडीने वाढते आणि वर्तुळाचा व्यास पूर्ण जाडीने वाढतो. याउलट दोरी खुंटीला घट्ट बांधली, तर फेरी मारताना ती खुंटीवर गुंडाळली जाते व आखूड होत जाते. खुंटीचा व्यास १० सेंटिमीटर असल्यास एका फेरीत सुमारे ३१ सेंटिमीटर दोरी गुंडाळली जाईल आणि फक्कीची रेघ जेथून सुरू झाली तेथे परत येऊन मिळणारच नाही. यावर उपाय सोपा आहे. खुंटी कितीही जाड असो, तिच्या माथ्यावर बरोबर मध्यभागी एक खिळा ठोकावा, दोरीचा फास त्या खिळ्यात सैल अडकवावा आणि माप खिळ्यापासून घ्यावे.

तिसरी गोष्ट ताणाची. सुती किंवा काथ्याची दोरी ओढ दिल्यावर लांबते. म्हणून दोरी आधी ताणून मग मोजावी, नाहीतर लोखंडी फीतच वापरावी. त्रिज्येतील प्रत्येक सेंटिमीटर व्यासात दोन सेंटिमीटर होऊन उतरतो, हे आखणी करणाऱ्याने कायम ध्यानात ठेवले पाहिजे.

मोजताना व्यास

विहीर खोदून झाली की परिस्थिती पालटते. केंद्र आता हवेत असते. तेथे खिळा ठोकता येत नाही आणि फीतही धरता येत नाही, म्हणजे त्रिज्या प्रत्यक्ष मोजण्याची सोय राहत नाही. म्हणून मोजणी व्यासाने होते. जे आखले ते एका मापाने आणि जे तपासावयाचे ते दुसऱ्या मापाने. या दोहोंच्या मधल्या वाटेवर अर्धे करणे किंवा दुप्पट करणे राहून जाते, आणि बहुतेक चुका येथेच होतात.

केंद्र दिसत नसताना आपण व्यासच मोजला हे कसे ओळखावे? व्यास ही सर्वांत लांब जीवा आहे, या गुणधर्माचा येथे उपयोग होतो. एकाने फितीचे टोक काठावर एका जागी पक्के धरावे. समोरच्या माणसाने फीत ताणून काठाकाठाने सावकाश सरकावी. माप वाढत वाढत जाते, एका ठिकाणी सर्वांत जास्त होते व नंतर घटू लागते. ते सर्वांत मोठे माप म्हणजे व्यास होय. या पद्धतीचा विशेष गुण असा की, समोरची जागा थोडी चुकली तरी माप फारसे बिघडत नाही. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत फितीचे टोक खऱ्या जागेपासून ३० सेंटिमीटर बाजूला पडले, तरी माप केवळ ८ मिलिमीटरच्या आसपास कमी येते. फीत सैल पडून झोळ आला मात्र माप वाढते, म्हणून ताण चांगला असावा. काठावर उभे राहणाऱ्यांनी पायाखालची जमीन पक्की आहे याची खात्री करून घेणे तितकेच अगत्याचे आहे.

खोदलेली विहीर क्वचितच अगदी वर्तुळाकार असते. म्हणून एकच व्यास न घेता परस्परांशी काटकोनात असलेले दोन व्यास मोजावेत व त्यांची सरासरी धरावी. खडक लागल्यावर विहीर खाली अरुंद होत गेली असेल, तर निरनिराळ्या खोलीवर व्यास घेऊन प्रत्येक थराचा हिशेब स्वतंत्र करावा. माती, मुरूम व खडक यांचे दर वेगवेगळे असल्यामुळे थरांची वेगळी मोजणी तशीही आवश्यक असते.

काठावर कठडा असेल व आडवी फीत धरणे अवघड जात असेल, तर परीघ मोजूनही व्यास काढता येतो. कठड्याच्या आतील बाजूने फीत फिरवावी आणि येणाऱ्या परिघाला ३.१४ ने भागावे. परीघ १८.८४ मीटर आला तर व्यास ६ मीटर होय. परीघ मोजताना ३ सेंटिमीटरची चूक झाली, तर व्यासात ती सुमारे १ सेंटिमीटर एवढीच उतरते.

दुपटीची चौपट

त्रिज्या व व्यास यांत फरक दुपटीचा असतो. परंतु क्षेत्रफळाच्या सूत्रात त्रिज्येचा वर्ग येतो आणि त्यामुळे हाच फरक चौपट होतो. ६ मीटर व्यासाच्या विहिरीची त्रिज्या ३ मीटर, तिचा वर्ग ९ आणि त्याला ३.१४ ने गुणले म्हणजे क्षेत्रफळ २८.२६ चौरस मीटर. अर्धे करावयाचे विसरून कोणी ६ चाच वर्ग केला, तर उत्तर ११३.०४ चौरस मीटर येते. १२ मीटर खोलीस पहिल्या हिशेबाने खोदकाम ३३९.१२ घनमीटर होते आणि दुसऱ्या हिशेबाने १,३५६.४८ घनमीटर. उलट व्यासाऐवजी त्रिज्या 'व्यास' म्हणून लिहिली गेली आणि ती पुन्हा निम्मी केली, तर माप चौथ्या हिश्श्यावर येते. पहिल्या चुकीत सार्वजनिक पैसा बुडतो आणि दुसरीत मजुराचा घाम. १९७७ च्या महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियमानुसार चाललेल्या कामांत मजुरी कामाच्या मापाशी जोडलेली होती. अशा कामांवर मोजमाप पुस्तिकेतील एक आकडा अनेक घरांच्या चुलीपर्यंत पोहोचत असे.

पाण्याच्या नियोजनातही हीच गोष्ट घडते. समजा, ६ मीटर व्यासाच्या विहिरीत उन्हाळ्यात ४ मीटर पाणी उभे आहे. त्याचे घनफळ ११३.०४ घनमीटर, म्हणजे १,१३,०४० लिटर झाले. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने दरडोई दररोज ५५ लिटर हे परिमाण धरले. त्या हिशेबाने ६०० वस्तीच्या गावास रोज ३३,००० लिटर पाणी लागेल. झऱ्यांतून नवे पाणी आले नाही असे धरल्यास हा साठा जेमतेम साडेतीन दिवस पुरतो. ज्याने व्यासालाच त्रिज्या मानले त्याच्या कागदावर मात्र साठा ४,५२,१६० लिटर दिसेल व तो जवळजवळ चौदा दिवस पुरेल असे वाटेल. टंचाईच्या काळात टँकरची मागणी केव्हा करावयाची, हा निर्णय जेथे अशा आकड्यावर अवलंबून असतो, तेथे दहा दिवसांची ही चूक गावाला परवडणारी नाही.

या चुकीवर अभियंत्यांच्या व्यवहारात एक चांगला उपाय आहे. व्यास मोजला असेल तर त्याचे अर्धे करूच नये. व्यासाचा वर्ग करावा व त्याला ०.७८५ ने गुणावे. ६ चा वर्ग ३६ आणि त्याची ०.७८५ पट २८.२६. उत्तर तेच येते, कारण ०.७८५ म्हणजे ३.१४ चा चौथा भाग. अर्धे करण्याची पायरी सूत्रातच सामावून घेतल्यामुळे ती विसरण्याचा संभव राहत नाही.

भिंतीची जाडी एकदा की दोनदा?

विहिरीस आतून दगडी बांधकाम करावयाचे असते तेव्हा हा संबंध आणखी एका रूपाने पुढे येतो. बांधकाम झाल्यावर आतील व्यास ६ मीटर राहावा व भिंतीची जाडी ४५ सेंटिमीटर असावी असे समजू. मग बाहेरचा व्यास किती? पुष्कळ जण चटकन ६.४५ मीटर असे उत्तर देतात. परंतु व्यास एका काठावरून निघून समोरच्या काठापर्यंत जातो आणि त्याच्या वाटेत भिंत दोनदा लागते. म्हणून बाहेरचा व्यास ६.९० मीटर येतो. त्रिज्येच्या वाटेत भिंत एकदाच लागते, म्हणून बाहेरची त्रिज्या ३.४५ मीटर. जेथे बांधकाम यावयाचे आहे तेवढे खोदकाम या मोठ्या मापाने आखले पाहिजे.

आता बांधकामाचे परिमाण पाहू. बाहेरच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ३७.३७ चौरस मीटर व आतल्याचे २८.२६ चौरस मीटर, तेव्हा भिंतीने व्यापलेली जागा ९.११ चौरस मीटर. १० मीटर उंचीच्या बांधकामास सुमारे ९१.१ घनमीटर काम होईल. बाहेरचा व्यास चुकून ६.४५ मीटर धरला, तर हेच परिमाण सुमारे ४४ घनमीटर येते, म्हणजे निम्म्याहूनही कमी. अशा अंदाजपत्रकावर सुरू केलेले काम अर्ध्यावर अडले तर नवल नाही.

तथापि ६.४५ हा आकडा अगदीच निरुपयोगी नाही. तो भिंतीच्या मध्यरेषेचा व्यास आहे. त्याला ३.१४ ने गुणले म्हणजे भिंतीची मध्यरेषेवरील लांबी २०.२५ मीटर मिळते आणि तिला ०.४५ मीटर जाडीने गुणले की पुन्हा ९.११ चौरस मीटर हेच उत्तर येते. आतील व्यास, मध्यरेषेचा व्यास व बाहेरील व्यास ही तीन मापे वेगळी आहेत. म्हणून कागदावर नुसते 'व्यास' असे न लिहिता कोठला व्यास हे लिहिणे जरूर आहे.

पाचशे मीटरचे वर्तुळ

कायद्यातील अंतरेही वर्तुळेच असतात. पिण्याच्या पाण्याच्या उद्भवांचे संरक्षण करण्यासाठी १९९३ मध्ये महाराष्ट्रात जो भूजल अधिनियम झाला, त्याने सार्वजनिक उद्भवापासून एकाच पाणलोट क्षेत्रात ५०० मीटर अंतराच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन घातले होते. अंतर उद्भवापासून मोजावयाचे, म्हणजे ५०० मीटर ही त्रिज्या झाली. त्या वर्तुळाचा व्यास एक किलोमीटर व क्षेत्रफळ ७८.५ हेक्टर होते. नकाशावर हे वर्तुळ काढताना कोणी ५०० मीटर हा व्यास समजला, तर संरक्षित क्षेत्र जेमतेम १९.६ हेक्टर दिसेल. उरलेल्या सुमारे ५९ हेक्टरांत कोठेही विहीर घेण्यास हरकत नाही, असा चुकीचा समज त्यातून पसरेल. 'अमुक बिंदूपासून' हे शब्द जेथे येतात तेथे त्रिज्या समजावी, आणि 'या काठापासून त्या काठापर्यंत' असा अर्थ जेथे असतो तेथे व्यास समजावा.

पूर्वसूरींची परंपरा

व्यास व परीघ यांच्या संबंधाचा विचार आपल्या देशात फार पूर्वीपासून झालेला आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ सांगितला आणि हे मान आसन्न, म्हणजे जवळपासचे आहे, असेही नमूद केले. भागाकार केल्यास ३.१४१६ हे गुणोत्तर मिळते. गणितात 'पाय' या नावाने ओळखले जाते ते हेच. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढण्यासाठी त्याने निमपरीघ गुणिले व्यासार्ध अशी रीत दिली.

इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीची रचना केली. त्यात सूक्ष्म हिशेबासाठी व्यासाची ३९२७ छेद १२५० पट व व्यवहारासाठी २२ छेद ७ पट, अशी परिघाची दोन माने आहेत. क्षेत्रफळासाठी त्यांनी परीघ गुणिले व्यासाचा चतुर्थांश ही रीत सांगितली. आर्यभटाने परीघ व व्यास दोन्ही निम्मे केले, तर भास्कराचार्यांनी एकट्या व्यासाचाच चौथा भाग घेतला. फळ एकच आहे. आपल्या विहिरीस ९.४२ गुणिले ३ केले तरी २८.२६ येतात आणि १८.८४ गुणिले १.५ केले तरी २८.२६ च येतात. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावनजीक पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा उल्लेख आहे. तेव्हा हा विषय आपल्या मातीला परका नाही.

येथे एक गोष्ट ताडून पाहण्यासारखी आहे. ६ मीटर व्यासासाठी ३.१४१६ ऐवजी २२ छेद ७ वापरले, तर परिघात सुमारे ८ मिलिमीटर वाढ होते आणि ३.१४ वापरल्यास सुमारे १ सेंटिमीटर घट होते. कोणते मान घ्यावे यावर आपल्याकडे वाद घातला जातो. पण त्याने विहिरीच्या हिशेबास हजारात दीड भागांहून कमी फरक पडतो, तर त्रिज्या-व्यासाच्या घोटाळ्याने चौपट. दक्षता कोठे घ्यावयाची हे यावरून उघड आहे.

वर्गात काय करावे

मुलांना हा पाठ फळ्यावरील सूत्राने सुरू करून देऊ नये. कागदातून एक वर्तुळ कापून द्यावे व केंद्र न दाखविता ते शोधावयास सांगावे. वर्तुळ बरोबर मध्ये दुमडले की पडणारी घडी हा व्यास होतो. दुसऱ्या दिशेने पुन्हा दुमडले की दोन घड्या जेथे छेदतात ते केंद्र. प्रत्येक घडीचे केंद्राने दोन समान भाग केले आहेत, हे मुलांना मोजून पाहू द्यावे. त्रिज्या निम्मी असते हे त्यांना मग पाठ करावे लागत नाही.

त्यानंतर ६ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढावयास सांगावे. कित्येक मुले कंपास ६ सेंटिमीटर उघडतात. ही चूक खोडून न टाकता त्या वर्तुळाशेजारी बरोबर वर्तुळ काढवून घ्यावे आणि चौकटीच्या कागदावर दोहोंतील चौकटी मोजवाव्यात. मोठ्या वर्तुळात चौपटीच्या आसपास चौकटी भरतात, हे पाहिल्यावर मुले ती चूक सहसा पुन्हा करीत नाहीत.

ताट, तवा, पाटा-वरवंट्याशेजारचे जाते, अशी घरातील वर्तुळे दोऱ्याने मोजून परीघ व व्यास यांचा तक्ता करवून घ्यावा. वस्तू लहान असो वा मोठी, भागाकार तीनाहून किंचित जास्त येतो, याचे मुलांना नवल वाटते. वरच्या वर्गातील मुलांना सुताराचा गुण्या देऊन पाहावा. गुण्याचा कोपरा परिघावर टेकविला असता त्याच्या दोन भुजा परिघाला जेथे छेदतात, ते दोन बिंदू जोडणारी रेषा व्यास असते. ज्या वर्तुळाचे केंद्र हरवले आहे त्याचा व्यास शोधण्याची ही बिनचूक युक्ती आहे.

समारोप

वर्तुळाचे गणित समजण्यासाठी मोठी विद्वत्ता लागत नाही. गावातील कामाचा कागद समोर आला की पंचायत सभासदाने तीन प्रश्न विचारावेत. लिहिलेले माप त्रिज्येचे की व्यासाचे? व्यास असल्यास आतील, बाहेरील की मध्यरेषेचा? आणि क्षेत्रफळ काढताना तो निम्मा केला आहे काय? हे प्रश्न विचारण्यात कोणावर अविश्वास नाही. फीत धरणारा अधिकारी, खोदणारा मजूर आणि पैसा देणारे शासन या सर्वांचेच हित त्यात आहे.

सुरुवातीस सांगितलेल्या विहिरीवर त्या दिवशी सर्वांत अचूक बोलली ती मातीच्या पाट्या वाहणारी माणसे. त्यांना 'पाय' ठाऊक नव्हता, पण आपण किती माती उपसली हे ठाऊक होते. त्यांच्या मुलांना शाळेत त्रिज्या व व्यास नीट शिकविले गेले, तर उद्या काठावर फीत धरली जाईल तेव्हा समोरचे टोक धरण्यास त्यांच्यातीलच कोणी पुढे येईल.